काळं, पांढरं आणि आण्णांचा फोटो

परवाच्या शनिवारी नाशिकला घरी गेलो आणि आईने माळा आवरायला लावला. (आठवडाभर पुण्यात लोकांचा जुना कोड आवरायचा आणि घरी आलं की माळा. असो.) माळ्यावर दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे माझी पाचवीतली चित्रकलेची वही, तिच्यात भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे. दुसरी, आण्णांची पत्र्याची ट्रंक.

आण्णा म्हणजे माझे आजोबा. ते प्रेसमध्ये होते. नाशिकबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, आमच्याकडे नुसतं 'प्रेस' म्हटलं की वर्तमानपत्र आठवत नाही, नोटा आठवतात. नाशिकरोडला पोस्टाची तिकिटं आणि सरकारी स्टॅम्प छापणारा सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून आहे आणि नोटांचा प्रेस १९२८ पासून. आण्णा १९४१ साली, ऐन विशीत, नोटांच्या बाजूला मोजणीच्या कामावर चिकटले आणि रिटायर होईपर्यंत तिथेच राहिले.

ट्रंकेत त्यांचा पासवर लावायचा फोटो होता. तिकिटाएवढा, कडा पिवळ्या पडलेल्या. तो मी स्कॅन केला आणि रविवारी सकाळी एक खेळ करून बघितला. फोटो ग्रेस्केल असेल तर प्रत्येक ठिपका म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. मधे कुठेतरी, समजा १२८ वर, रेघ मारायची. त्याच्या वरचं सगळं पांढरं, खालचं सगळं काळं. थ्रेशोल्ड म्हणतात याला, दोन ओळींचं काम. मला वाटलं होतं की झकास वुडकटसारखं काहीतरी मिळेल. मिळाला आधार कार्डाचा झेरॉक्स! ज्याच्यात आपण सगळेच फरार आरोपी दिसतो ना, तसे आण्णा.

हे खूळ डोक्यात का आलं, तर गेल्या वर्षी मुंबईत एका प्रदर्शनात चित्तप्रसादची लिनोकट पाहिली होती. छोटी छोटी चित्रं, वहीच्या पानाएवढी. रंग नाही, राखाडीसुद्धा नाही. शेजारच्या दालनात मोठे रंगीत कॅनव्हास होते, तिथे मी दोन दोन मिनिटं थांबलो. इथे अर्धा तास उभा होतो आणि सोबतचा मित्र "चल ना, भूक लागली" म्हणत होता. काळा-पांढरा थ्रेशोल्ड तर माझा कॉम्प्युटरही करतो. मग ते चित्र बघताना घशाशी काहीतरी येतं आणि हे बघताना हसू येतं, असं का? त्या प्रश्नामागे लागून मी जे काही वाचलं, ते आज लिहितोय.

आधी थोडं तंत्र. छपाईचे ढोबळमानाने दोन स्वभाव आहेत. एकात धातूच्या पत्र्यावर रेषा कोरतात, शाई त्या खाचेत भरतात, वरचा पत्रा पुसून साफ करतात आणि जबरदस्त दाब देऊन कागदाला ती शाई उचलायला लावतात. नोटेचं चित्र असं छापतात. शंभरच्या किंवा पाचशेच्या कोऱ्या नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवा, शाई उंच लागेल. हे मला आण्णांनीच शिकवलेलं, मी दुसरीत असताना. दुसरा स्वभाव उलटा. लाकडाच्या फळीवर चित्र काढायचं आणि जे पांढरं हवं ते खोदून काढून टाकायचं. उरलेल्या उंच भागाला शाई लागते. म्हणजे भेंडीचा ठसाच. लाकडावर केलं तर वुडकट, लिनोलियमवर केलं तर लिनोकट. लिनोलियम म्हणजे जवसाचं तेल आणि बुचाचा भुसा यांचं, तागाच्या कापडावर बसवलेलं अंथरण. लाकडापेक्षा मऊ आणि स्वस्त. मशीन नसलं तरी चालतं, कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासलं तरी ठसा उठतो.

यात एक गोष्ट आपल्यासारख्या लोकांना फार खटकेल. अन्डू नाही. काढलेलं लाकूड परत बसत नाही. चुकून डोळ्याची कड उडाली की त्या डोळ्यासकट पुढे जायचं, नाहीतर नवी फळी घ्यायची.

आता थोडं लांब जायचंय, जर्मनीला. कारण युद्ध आणि शोक या विषयावर लाकडात कोरलेल्या चित्रांचा विषय काढला की केथे कोलवित्झ या बाईला ओलांडून पुढे जाता येत नाही.

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तिचा धाकटा मुलगा पीटर १८ वर्षांचा होता. त्याला लढायला जायचं होतं. वय कमी, म्हणून वडिलांची परवानगी लागत होती, आणि वडील, डॉक्टर कार्ल कोलवित्झ, नाही म्हणत होते. पीटरने आईला गळ घातली. आईने नवऱ्याचं मन वळवलं. ऑक्टोबर १९१४ मध्ये पीटर बेल्जियममध्ये मारला गेला. आघाडीकडे निघून महिनासुद्धा झाला नव्हता.

बाई तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती आणि नाव कमावलेली चित्रकार होती. धातूवरचं काम आणि दगडी छपाई यांत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने याच दोन माध्यमांत युद्धावर काहीतरी करायचा प्रयत्न केला, पण तिचं समाधान होईना. अशी वर्षं गेली. १९२० मध्ये तिने अर्न्स्ट बारलाख या शिल्पकाराचे वुडकट पाहिले आणि ठरवलं की आपणही लाकूड धरायचं. वय बावन्न. नवीन भाषा शिकायचं हे काही वय नव्हे. (आमच्याकडे पस्तिशीत नवीन फ्रेमवर्क शिकायला सांगितलं तरी लोक रेझ्युमे अपडेट करतात.) पुढच्या दोन-तीन वर्षांत सात वुडकट झाले आणि १९२३ च्या सुमारास ते एका संचात बाहेर पडले. नाव साधं, 'युद्ध'.

या सातांपैकी एकातही रणांगण नाही. खंदक नाही, तोफ नाही, शत्रू नाही. तिचाच देशबांधव ऑटो डिक्स याने १९२४ मध्ये त्याच नावाने ५० चित्रांचा संच काढला. डिक्स स्वतः आघाडीवर लढलेला होता, त्याच्या चित्रांत सडलेली प्रेतं, फुटलेले चेहरे, चिखल, सगळं आहे. ती बघून अंगावर काटा येतो, खोटं का सांगू. पण ती बघून झाल्यावर मी जेवलो. कोलवित्झच्या संचाचं तसं झालं नाही. तिच्याकडे फक्त घरात राहिलेली माणसं आहेत. बाळाला दोन्ही हातांनी पुढे करणारी आई. विधवा. पोरांना मधे घेऊन एकमेकींना घट्ट धरलेल्या बायका. एक चित्र स्वखुशीने निघालेल्या पोरांचं आहे. पुढे मृत्यू ढोल बडवतोय आणि पोरं त्याच्यामागे ओढल्यासारखी निघालीत. मृत्यूच्या अगदी शेजारचा मुलगा म्हणजे पीटर. हे त्या बाईने स्वतःच्या हाताने कोरलंय, जिने परवानगी मिळवून दिली होती.

संचातलं 'आईवडील' नावाचं चित्र पाहिलं तेव्हा मला रामकुंड आठवलं. आमच्या नाशिकला देशभरातून लोक अस्थी घेऊन येतात. शाळेत असताना क्लासला जाताना मी गोदाघाटावरून सायकल काढायचो आणि रोज कुणी ना कुणी पायरीवर बसलेलं दिसायचं. एखादं जोडपं असं बसलेलं असायचं की कोणाचा हात कुठला ते कळू नये. चित्रातही तसंच आहे. दोघं गुडघ्यावर आहेत, आई त्याच्या अंगावर कोसळलीये, बाप एका हाताने तिला सावरतोय आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा चेहरा झाकतोय. दोघांचे चेहरे दिसतच नाहीत. दोघांचा मिळून एकच काळा डोंगर झालाय आणि त्यावर थोड्या पांढऱ्या रेघा, हाताच्या शिरा आणि कपड्याच्या घड्या.

माझा अंदाज असा, की फोटोला किंवा रंगीत चित्राला माणसाच्या आजूबाजूचं काहीतरी दाखवावंच लागतं. मागची भिंत, उजेड, कपड्याचा रंग. डोळा तिथे विसावा घेतो. लाकडात न खोदलेला भाग आपोआप काळा राहतो. म्हणजे सुरुवात अंधारापासून असते, आणि जेवढं सांगायलाच हवं तेवढ्यासाठी कोरणाऱ्याने श्रम घेतलेले असतात. माझ्या १२८ च्या रेघेने असं काहीच ठरवलं नव्हतं. तिला आण्णांचा डोळा आणि मागचा पडदा सारखेच.

कोलवित्झची ही चित्रं जर्मनीत थांबली नाहीत, आणि याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. काळ्या-पांढऱ्या चित्राचा ब्लॉक करून कुठल्याही हलक्या कागदावर छापता येतो, फार काही हरवत नाही. १९३१ मध्ये चीनमध्ये लू शुन या लेखकाने तिचं 'बलिदान' (तेच, बाळाला पुढे करणारी आई) एका मासिकात छापलं. त्याचा तरुण लेखकमित्र रौ शी याला त्याच वर्षी सरकारने गोळ्या घातल्या होत्या, त्याच्या आठवणीसाठी. त्याच वर्षी लू शुनने शांघायमध्ये वुडकट शिकवणारा छोटा वर्ग भरवला. तिथून चीनमध्ये वुडकटची मोठी लाट आली, जपानी आक्रमणाविरुद्धच्या लढाईत ती खेडोपाडी पोचली, आणि तिची झुळूक आपल्याकडे बंगालमध्येही लागली.

इथे चित्तप्रसाद येतो. १९१५ चा जन्म, आडनाव भट्टाचार्य, पण जातीची खूण नको म्हणून ते टाकून दिलेलं. आर्ट स्कूलमध्ये शिकलेला नव्हता. चितगावमध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या कामात पडला आणि पोस्टर काढता काढता चित्रकार झाला. मुंबईत २५ मे १९४३ ला इप्टा ही नाट्यसंस्था स्थापन झाली, तिचं ढोल वाजवणाऱ्या माणसाचं बोधचिन्ह त्याचंच. (कोलवित्झचा मृत्यू आणि इप्टाचा कलावंत, दोघांच्याही हातात ढोल. योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही.)

१९४३ हे बंगालच्या दुष्काळाचं साल. सुमारे ३० लाख माणसं गेली. आपल्याकडे दुष्काळ म्हटलं की पाऊस, जमिनीच्या भेगा, टँकर असं चित्र डोळ्यासमोर येतं. हा दुष्काळ तसा नव्हता, तो युद्धाचा होता. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला, तिथला तांदूळ बंद झाला. जपानी बंगालमध्ये उतरले तर त्यांच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने किनाऱ्याकडचा तांदूळ हलवला आणि दहापेक्षा जास्त माणसं नेऊ शकणाऱ्या होड्या काढून घेतल्या किंवा मोडून टाकल्या. नदीच्या मुलखात होडी गेली म्हणजे बाजारही गेला आणि मासेमारीही गेली. त्यात ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरवर चक्रीवादळ आदळलं.

नोव्हेंबर १९४३ मध्ये चित्तप्रसाद स्केचबुक घेऊन मेदिनीपूर जिल्ह्यात फिरला. जे दिसलं ते काळ्या शाईत काढलं आणि कित्येक चित्रांवर त्या माणसाचं नाव, गाव लिहिलं. ही चित्रं कोरलेली नाहीत, शाईची आहेत, पण ब्लॉक करून छापायची म्हणूनच काढलेली, त्यामुळे तीच सक्त काळी-पांढरी भाषा. त्यांचं पुस्तक झालं 'हंग्री बेंगॉल', छापलं गेलं मुंबईत. सरकारने त्याच्या ५,००० प्रती जप्त करून जाळल्या असं सांगतात. एक प्रत कुटुंबाने जपली, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली, आणि तिच्यावरून २०११ मध्ये दिल्लीच्या एका गॅलरीने पुस्तक पुन्हा छापलं. बॅकअप एक तरी वेगळ्या ठिकाणी ठेवा असं आम्ही क्लायंटला घसा कोरडा करून सांगतो, ते उगाच नाही.

त्याच काळात आपल्याकडे अण्णाभाऊ साठ्यांनी 'बंगालची हाक' हा पोवाडा रचला. मुंबईच्या कामगार वस्तीतल्या माणसाला हजार मैलांवरचा दुष्काळ सांगायचा तर डफ आणि तुणतुणं हाताशी होतं. चित्तप्रसादच्या हाताशी काळी शाई होती. दोन्ही गोष्टी स्वस्त आणि खांद्यावर टाकून नेण्याजोग्या.

१९४६ पासून चित्तप्रसाद मुंबईतच राहिला, अंधेरीत, पुढची तीसेक वर्षं. १९४८-४९ च्या सुमारास पक्षापासून दूर झाला, पैसा नव्हता, आणि लिनोकट हे त्याचं मुख्य माध्यम झालं. शांतता चळवळीसाठी केलं, शेतकऱ्यांवर केलं, रामायणावरही केलं. राबणाऱ्या, रस्त्यावर वाढणाऱ्या मुलांवरची एक मालिका आहे, 'परीकथा नसलेले देवदूत' असं तिचं नाव मराठीत होईल. १९५२ च्या आसपास केलेली ही मालिका पुस्तकरूपाने १९६९ मध्ये निघाली, आणि तीही डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने काढली. मी अर्धा तास उभा होतो ते यातल्याच एका मुलासमोर. १९७८ मध्ये चित्तप्रसाद कलकत्त्यात वारला. अंधेरीत मी दोन वर्षं नोकरी केली आणि हे नाव एकदाही कानावर आलं नाही.

आता मूळ गोष्टीकडे, म्हणजे ट्रंकेकडे येतो.

दुष्काळावर वाचताना एक कारण परत परत समोर येत होतं आणि मी ते परत परत वगळून पुढे जात होतो. महागाई. युद्धात इंग्लंडला हिंदुस्थानात प्रचंड खर्च करायचा होता. सैन्य, विमानतळ, कापड, बूट. हिशोब असा ठेवला की इंग्लंडने देणं लंडनमध्ये पौंडात लिहून ठेवायचं आणि त्याच्या भरवशावर इथे रुपये छापायचे. १९३९ ते १९४५ मध्ये चलनातल्या नोटा पाच पटींहून जास्त झाल्या. सैन्याला पुरवठा करणाऱ्यांच्या आणि कलकत्त्याच्या कारखान्यांच्या हातात पैसा आला, तांदळाचे भाव चढले, आणि गावातल्या शेतमजुराची, कोळ्याची, न्हाव्याची मजुरी होती तिथेच राहिली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या पुस्तकात हेच मांडलं, की १९४३ मध्ये बंगालमध्ये धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हतं, लोकांची ते विकत घ्यायची ऐपत संपली होती. त्यांचं सगळं म्हणणं सगळ्यांना पटलेलं नाही, पण महागाईचा भाग सहसा कोणी नाकारत नाही.

आणि त्या नोटा छापल्या जात होत्या नाशिकरोडला.

आण्णा सांगायचे, लढाईच्या वर्षांत हाताला उसंत नव्हती. कागद येतोय, छापतोय, मोजतोय, गाडीत चढतोय. बाहेर पडताना रोज झडती. ओव्हरटाइम मिळायचा, त्यात धाकट्या बहिणीचं लग्न झालं. अभिमानाने सांगायचे, आणि तो अभिमान खराच होता, एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एक शीट इकडची तिकडे झाली नाही. बंगालचा विषय घरात कधी निघाल्याचं मला आठवत नाही. निघायचं कारणही नव्हतं. विशीतल्या मोजणी कारकुनाला लंडनचा हिशोब कोण सांगणार? त्यांचा काही दोष होता असं मी म्हणत नाहीये, आणि कोणी म्हटलं तर मी भांडेन. पण त्या चित्रांमधल्या, नाव-गाव लिहिलेल्या माणसांकडे बघताना मला आता ती दुसरी छपाई दिसते. एक इकडे, बारीक रेषांची, सुंदर, बोटाला उंच लागणारी. एक मुंबईला, घाईची, हलक्या कागदावरची. पहिलीच्या गाड्या भरून गेल्या. दुसरीच्या प्रती जाळल्या.

कोलवित्झला निदान ठाऊक होतं की आपण कशाला हो म्हणालो. आण्णांना कुणी विचारलंच नव्हतं. ते २००४ मध्ये गेले, त्यामुळे आता मलाही विचारता येत नाही. विचारलं असतं का, हा वेगळा प्रश्न.

रविवारी दुपारी मेनरोडवर जाऊन स्टेशनरीच्या दुकानातून लिनोचा तुकडा, दोन पटाश्या आणि काळ्या शाईची ट्यूब आणली. फोटो बघून आण्णांचा चेहरा पेन्सिलने काढला आणि कोरायला बसलो. पहिल्या दहा मिनिटांत पटाशी घसरली आणि अंगठ्यात गेली. (आई: "वय काय तुझं?") कपाळ सोपं गेलं. डोळ्यांपाशी अडकलो. फोटोत त्यांचे डोळे अर्धवट सावलीत आहेत, ना काळे ना पांढरे. इथे मधलं काही नाही. पांढरे कोरले तर माणूस जागा, निश्चिंत दिसणार. काळे ठेवले तर सगळं माहीत असलेला, खचलेला माणूस दिसणार. मला यातलं काहीच ठाऊक नाही. पटाशी हातात धरून बराच वेळ बसलो होतो. शेवटी खालच्या पापणीची एक बारीक रेघ तेवढी काढली आणि बाकी तसंच ठेवलं.

शाई लावली, कागद ठेवला, स्वयंपाकघरातल्या डावाच्या पाठीने घासला आणि उचलला. आईने हात पुसत पुसत बघितलं.

"आण्णांचा भांग डावीकडे असायचा," ती म्हणाली. "हा उलटा आलाय."

ठसा आरशासारखा उलटा उठतो, हे मी तुम्हाला वर सांगायला विसरलो आणि कोरताना मीही विसरलो.

मी म्हटलं नवीन कोरतो, पुढच्या आठवड्यात. ती म्हणाली, "राहू दे. अजून तीन काढ यावरच. एक आत्याला देऊ."